तौंजीपर्यंत बावन्न मैल

“आणि मग आमचा मद्रासी कंपाउंडर मुनुस्वामी, त्यानं फटफटी सुरू केली, मला बाजूच्या टोपलीत निजवलं आणि बावन्न मैलांचा तो डोंगरातला रस्ता कापून तौंजीच्या इस्पितळात नेऊन पोचवलं. तो नसता तर आज हा इसम आपल्यापुढे उभा राहिला नसता,” असं अण्णा म्हणाले आणि वाचनालयाच्या दिवाणखान्यात टाळ्या पडल्या. दमयंतीनंही वाजवल्या. सगळ्यांचे हात वर गेले तसे तिचेही गेले. तीनचार टाळ्या झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण मुनुस्वामीसाठी टाळ्या वाजवतो आहोत. मग हात मांडीवर आले आणि तिथेच राहिले. बायकांची जाजमं उजव्या अंगाला खिडकीशी अंथरली होती. खिडकीतून माघातलं चार वाजताचं ऊन आत येत होतं, आणि अण्णा, म्हणजे तिचे यजमान डॉक्टर बेहेरे, टेबलाशी उभे राहून पेल्यातलं पाणी पीत होते. ‘ब्रह्मदेशातील सहा वर्षे’ हा त्यांचा विषय. तास-सव्वा तास ते छान बोलले होते. शान डोंगरातली माणसं, त्यांच्या भल्या मोठ्या टोप्या, पाच दिवसांनी भरणारा बाजार, चिरुटाएवढ्या जळवा. लोक हसत होते, तीही हसत होती, आणि मनातल्या मनात पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणत होती. दुखण्याचा भाग आला तेव्हा तिनं पदर सारखा केला. आता माझं नाव घेतील असं तिला वाटलं होतं असं नाही. चारचौघांत बायकोचं नाव कोण घेतं? पण ‘घरातल्या माणसांनी’ म्हणतील, ‘कसाबसा पोचलो’ म्हणतील, काहीतरी म्हणून ती जागा मोकळी ठेवतील, असं मात्र वाटलं होतं. त्या जागेवर त्यांनी मुनुस्वामीला बसवलं.

शेजारच्या गोदूबाईंनी तिच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, “अहो, मग तुम्ही कुठं होतात तेव्हा?”

“घरी,” दमयंती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून इतक्या चटकन निघाला की नंतर वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना, रत्नागिरीतल्या झाडगावच्या रस्त्यानं अण्णांच्या चार पावलं मागून चालताना, ती त्या एकाच शब्दाशी अडून बसली. अण्णांनी जे केलं ते नीट योजून केलं असेल. पण आपल्याला कुणी काय सांगितलं होतं? घरी, म्हणजे ब्रह्मदेशात नामलाँगच्या त्या लाकडी घरात, खिडकीशी बसून, देव पाण्यात घालून. अशी एक दमयंती खरोखरच तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नवरा मुनुस्वामीबरोबर गेला आहे आणि ती वाट बघते आहे. गोदूबाईंना ती बाई फार आवडली असती. अण्णांनी मागं वळून विचारलं, बरं झालं ना? ती म्हणाली, झालं. आवाज मागपर्यंत पोचत होता? होत होता. अण्णा खुशीत होते. वाटेत तिघाचौघांनी त्यांना थांबवलं, एकानं मुनुस्वामी सध्या कुठं असतो ते विचारलं, आणि अण्णांनी कोइमतूर म्हणून सांगितलं. ते मात्र खरं होतं. मुनुस्वामी कोइमतूरचाच होता. काटकुळा, कपाळाला भस्म, औषधं मोजण्यात सोनारासारखा काटेकोर. फटफटीला तो इतका घाबरायचा की अण्णा ती सुरू करायला लागले की हा व्हरांड्याच्या खांबाआड जाऊन उभा राहायचा. दसऱ्याला तिच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा आणि लांबूनच हात जोडायचा.

फटफटी अण्णांनी एका विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. सरकारी नोकरी लसटोचणीची, खेडी डोंगरांवर विखुरलेली, आणि तट्टावर बसलं की अण्णांची पाठ धरायची. बाजूला एका चाकावर जोडलेली वेताची बैठक होती, तिला ती दोघं टोपली म्हणत. पहिले चार महिने दमयंती त्या टोपलीतून हिंडली. नामलाँगात आपलं माणूस एक नाही, सासर नाही, माहेर नाही, सोवळं बघायला कुणी नाही. वीस वर्षांची ती आणि तिशीचे अण्णा. एका संध्याकाळी बाजाराच्या रिकाम्या मैदानावर अण्णांना लहर आली आणि त्यांनी तिला खोगिरावर बसवलं. नऊवारी लुगड्याचा काष्टा त्या कामाला जणू मुद्दाम शोधून काढल्यासारखा. अण्णा टोपलीत बसून सांगत होते, हा दांडा वायूचा, हा ठिणगी पुढंमागं करायचा, हा पंप तेलाचा, दर मैलाला एकदा दाबायचा, नाहीतर यंत्र भाजून निघेल. ती शिकली. नुसती शिकली नाही, अण्णांहून तिचा हात चांगला बसला. अण्णा वळणावर गाडीशी झगडायचे. तिला गाडी आधीच सांगायची कुठे जाणार ते. टोपली डाव्या हाताला असल्यामुळे डावीकडे वळताना ती उचलली जाते, अंग तिकडे टाकावं लागतं, हे तिला कुणी न सांगता कळलं. अण्णांना त्याचं कौतुकच होतं. दमू, तू पुरुष असतीस तर, असं ते म्हणायचे आणि वाक्य पुरं करायचे नाहीत. आठवड्यातून एकदोनदा, ऊन उतरल्यावर, मैदानाला पंधरावीस फेऱ्या. बाजूला शान बाया टोपल्या उतरवून बघत उभ्या राहायच्या. त्यांना त्यात नवल वाटत नसे, त्यांच्यात बायकाच सगळं करीत. तीन वर्षं हे चाललं, आणि त्या तीन वर्षांत मैदानाच्या बाहेर ती एकदाच गेली.

व्याख्यान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जात्यावर तांदूळ दळायला बसली. खुंटा धरला, पहिला वेढा घेतला, आणि त्याची थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली. हे तिला नवं नव्हतं. रत्नागिरीला येऊन सात वर्षं झाली, आणि या सात वर्षांत जात्याची घरघर हातातून वर चढायला लागली की तिचं अंग आपोआप डाव्या बाजूला झुकायचं. एकदा सासऱ्यांनी, आप्पांनी, बघून विचारलंसुद्धा होतं की सूनबाईंची पाठ भरून आलीय का. तिनं हो म्हटलं होतं. तेव्हा आप्पा होते, आता तेही नाहीत. आठ वर्षांची कमला पाटीवर गणितं करीत होती आणि मधूनच आईकडे बघत होती. दमयंतीच्या मनात आलं, हिला तरी सांगावं. पण काय सांगणार? की तुझे वडील मरणाच्या दारात होते त्या दिवशी, असं सुरू करावं लागेल. तो दिवस दुसऱ्या कुठल्या तोंडानं सुरूच होत नव्हता. आणि ज्या दिवसाची तिला ओढ लागलेली होती, आंब्याची राखण करताना, लोणची घालताना, हळदीकुंकवाला बायकांत बसून, अचानक कुठूनतरी पेट्रोलचा नुसता वास आला तरी जी ओढ पोटातून उठायची, ती नेमकी त्याच दिवसाची होती. मैदानाच्या फेऱ्यांची नव्हे. माणसानं कुठला दिवस परत मागावा यालाही काही रीत असते. मुलगी झाली तो, लग्न झालं तो. नवरा कण्हत होता तो दिवस कुणी मागत नाही.

त्या वर्षी नामलाँगात पावसाळा संपून पंधराच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी अण्णांनी स्वतःच्या पोटावर बोटं दाबून बघितली, उजव्या बाजूला, पुन्हा पुन्हा, आणि मग तिला शांतपणे सांगितलं की आतडं सुजलं आहे, उद्याच्या उद्या कापायला पाहिजे, नाहीतर फुटेल. कापणारा सर्जन तौंजीला. मालाची लॉरी सोमवारीच जाऊन चुकली होती. बैलगाडीनं तीन दिवस. मुनुस्वामीला बोलव म्हणाले. मुनुस्वामी आला, फटफटीपाशी उभा राहिला, आणि रडायला लागला. अण्णांनी त्याला जायला सांगितलं. मग ती म्हणाली, मी नेते. अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि एकदाच मान हलवली. पुढं किती वर्षं ते मान हलवणं ती मनात घोळवीत होती. तिच्यापाशी असलेलं ते एकच प्रशस्तिपत्र.

उजाडताना ती निघाली. अण्णांचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेले. बांगड्या वाजून लक्ष जाऊ नये म्हणून दोन्ही मनगटांना फडकं गुंडाळलेलं. मागे पेट्रोलचे दोन डबे बांधलेले. टोपलीत उशा, त्यात पाय पोटाशी घेतलेले अण्णा, तोंडावर धूळ येऊ नये म्हणून वरून ताडपत्री. अफूचा अर्क त्यांनी स्वतःच मोजून घेतला होता. पहिल्या पाच मैलांत धुकं इतकं होतं की पुढचं चाकसुद्धा दिसेना. समोरून येणाऱ्या बैलांच्या लाकडी घंटांवरून ती बाजू घेत होती. मग रस्ता दिसायला लागला, आणि तो आपल्याकडच्यासारखा तांबडा होता. तसाच, कातळाच्या वाटेसारखा, फक्त बैलगाड्यांच्या चाकांनी दोन खोल चर पाडलेला. फटफटीची तीन चाकं त्या दोन चरांत बसत नव्हती. एक चाक सदा वर, कडेवर. दर खड्ड्याला ताडपत्रीखालून आवाज यायचा. त्या आवाजावरून ती खड्डे निवडायला शिकली. कुठला सोसेल, कुठला नाही. एके ठिकाणी मोरी वाहून गेली होती. खालच्या भाताच्या खाचरांतून आठदहा माणसं वर आली, त्यांनी बांबू घातले आणि फटफटी, टोपली, अण्णा, सगळं पालखीसारखं उचलून ओढ्यापार नेऊन ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. एका म्हातारीनं आपल्या तोंडातला चिरूट काढून तिच्यापुढे धरला, दमली असशील म्हणून. रत्नागिरीच्या बेहेऱ्यांच्या सुनेनं तो हातात घेतला, एक झुरका ओढला, ठसका लागला, म्हातारी खदखदून हसली, आणि ती परत खोगिरावर बसली.

मग घाट. बारा मैलांचा चढ. यंत्राची धग पोटरीला लागत होती, तेलाचा पंप दाबून दाबून अंगठ्याचं कातडं निघालं होतं. वळणावर वळण, आणि दर वळणाला डाव्या बाजूला खाली नुसता आभाळाचा तुकडा. अर्ध्या घाटात ताडपत्रीखालचा आवाज थांबला. तिनं गाडी थांबवली नाही. थांबवली तर चढावर पुन्हा सुरू होणार नाही, हे तिला माहीत होतं. तीन वळणं ती त्या शांततेबरोबर वर चढली. त्या तीन वळणांत तिनं देवाला हाक मारली का, ते तिला पुढं कितीदा आठवून बघूनही आठवलं नाही. एवढं आठवलं की पंप दाबायची वेळ चुकली नाही. सपाटी लागली तशी ती उतरली, ताडपत्री उचलली. अण्णांचे डोळे मिटलेले, ओठ कोरडे, पण श्वास चालू होता. अफूनं झोप लागली असेल. तिनं पाणी लावून ओठ पुसले आणि ताडपत्री परत ओढली.

तिथून पुढं दोन मैल डोंगराच्या माथ्यावरून रस्ता सरळ गेलेला होता. दोन्ही अंगांना देवदारासारखी उंच झाडं, त्यांच्या सुयांचा रस्त्यावर जाड थर, खड्डा म्हणून नाही. ऊन पहिल्यांदाच अंगावर आलं. खाली दोन्ही बाजूंना दऱ्या धुक्यानं काठोकाठ भरलेल्या, त्यांतून लांबवर निळे डोंगर वर आलेले. तिनं दांडा पुढे केला. यंत्राचा आवाज बदलला, घोगरा होता तो बारीक झाला, एकसूर झाला. वाऱ्यानं अंबाडा सुटला. आणि ती हसली. गालांतल्या गालांत नव्हे, मोठ्यानं, तोंड उघडून. लहानपणी हेदवीच्या उतरणीवर भावंडांबरोबर धावताना हसायची तसं. पोटातून आलेलं हसू वाऱ्यानं ओढून मागं नेलं, तशी ती आणखी हसली. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता. मग तिची नजर ताडपत्रीकडे गेली. ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती, खाली काही हालचाल नव्हती. तिनं तोंड मिटलं. पुढं सगळा उतार, आणि दोन वाजता तौंजी आली.

इस्पितळात सर्जननं अण्णांना आत नेलं. व्हरांड्यात दांडा धरून आखडलेली तिची बोटं उघडेनात. एका परिचारिकेनं चहाचा पेला तिच्या ओठांशी धरून तिला चहा पाजला. दोन दिवस तिला घास उचलता आला नाही. अण्णा वाचले. आणि इस्पितळातून बाहेर पडायच्या आधीच, खाटेवर पडल्या पडल्या, त्यांनी ती फटफटी विकून टाकली. आता तट्टू घेऊ, पोटाला तेच बरं, असं म्हणाले. पाठीचं काय, असं तिनं विचारलं नाही. त्यांनी तिचे आभार मानले होते, सर्जनपुढं, डोळ्यांत पाणी आणून. पुढं तीन वर्षांनी रंगूनहून निघालेल्या बोटीवर कठड्याशी उभे असताना म्हणाले होते, तिकडचं तिकडेच राहू दे, आपल्याकडच्या लोकांना ते समजायचं नाही. तिनं तेही मानलं. लोकांना सांगायचं नाही एवढाच त्याचा अर्थ आहे असं तिला वाटलं होतं. पण घरातसुद्धा, दोघंच असताना, कमला झोपल्यावर, अण्णांनी त्या रस्त्याचं नाव कधी काढलं नाही. ती काढू लागली की ते वर्तमानपत्राचं पान उलटत.

व्याख्यानाला चार दिवस झाले असतील. संगमेश्वराहून निरोप आला की अण्णांची चुलत बहीण सावित्री तापानं पडली आहे. कमलेला गोदूबाईंकडे ठेवून दोघं सर्व्हिस मोटारीनं गेली. ताप हिवाचा निघाला, अण्णांनी औषध दिलं, दमयंतीनं दोन दिवस पेज करून घातली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारची मोटार धरून दोघं परत निघाली. बावनदीचा पूल ओलांडून निवळीचा चढ लागला आणि मोटारीच्या तोंडातून वाफ यायला लागली. काशीराम ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरायला लावलं. रिकामी गाडी वर नेतो, मंडळींनी हळूहळू चालत यावं, असं त्यानं सांगितलं. पाचसहा माणसं होती, ती पुढं गेली. अण्णांना चढावर दम लागायचा, म्हणून ती दोघं मागं राहिली. दमयंतीचे पाय भरभर पडत होते. दर थोड्या वेळानं थांबून ती त्यांची वाट बघत होती, आणि तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिनं विचारलं. काय विचारायचं ते तिनं योजलं नव्हतं.

“मुनुस्वामीला का बसवलंत तुम्ही?”

अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले की लोकांपुढं दुसरं काय सांगायचं होतं. उद्या कमलेचं लग्न करायचं आहे, आई फटफटीवर बसून डोंगर हिंडत होती असं कळलं तर स्थळं येतील का? हेच ऐकायला मिळणार हे तिला ठाऊकच होतं. ती म्हणाली की लोकांना नाही सांगितलंत ते समजलं. पण मग तो भागच गाळायचा होता. आणि माझ्यापाशी? दहा वर्षांत माझ्यापाशी तुम्ही एकदा तरी बोललात?

रस्त्याच्या कडेला जांभ्याचा दगड होता, त्यावर अण्णा बसले. वरच्या वळणावर मोटार घरघरत होती.

“तू हसलीस,” ते म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“घाट चढून वर गेल्यावर. मला सगळं ऐकू येत होतं. हातपाय हलत नव्हते, पण कान जागे होते. मी म्हटलं, संपलं आता. आणि तू हसत होतीस. खूप वेळ हसत होतीस.” ते खाली, नदीकडे बघत होते. मग आवाज बदलून ते म्हणाले, “अफूच्या गुंगीत असेल म्हणा. गुंगीत माणसाला काहीही ऐकू येतं. तसं होतं.”

त्यांनी तिला वाट करून दिली होती. डॉक्टर होते ते, असं होतं म्हणाले तर होतं. तिनं फक्त हो म्हणायचं, की झालं, ते कायमचं मिटलं. अण्णा टोपी घालतील, उठतील, दोघं वर जातील. दहा वर्षं हा माणूस हे घेऊन तिच्या हातचं जेवला. यापायीच इस्पितळाच्या खाटेवर पडून फटफटी विकली. तिला त्यांची कीव आली, आणि तिच्या पाठोपाठ असं काही आलं की ज्याला तिच्यापाशी नाव नव्हतं. तो दिवस तिचा एकटीचा होता असं ती धरून चालली होती. तो तसा नव्हता. ते हसू ऐकणारं एक माणूस जगात होतं. तिनं ते आता नाही म्हटलं, तर वाचनालयात ‘घरी’ म्हणाली होती तेच इथं पुन्हा म्हटल्यासारखं होईल.

“गुंगी नव्हती,” ती म्हणाली. “मी हसले.”

अण्णांनी मान वर केली.

“तुम्ही वाचाल की नाही ते मला माहीत नव्हतं. भीती होती, ती शेवटपर्यंत होती. आणि तरी हसले. का ते मला सांगता यायचं नाही. ऊन आलं, रस्ता मोकळा मिळाला. तुम्ही मरावं म्हणून नाही हसले.”

“ते मला माहीत आहे,” अण्णा म्हणाले. वरून कुणीतरी हाक मारली. ते उठले, दोन पावलं चालले, पुन्हा थांबले. “माहीत आहे असं नाही. आत्ता कळलं,” असं म्हणाले. नंतर चालताना, दम लागत असल्यामुळे तुटक तुटक, त्यांनी विचारलं की वर काय होतं. तोंडावर ताडपत्री होती. त्या सबंध रस्त्यातलं त्यांनी काही बघितलंच नव्हतं. लोकांना ते ज्या घाटाचं वर्णन करून सांगत, तो त्यांनी परतताना लॉरीतून बघितलेला घाट होता. तिनं सांगायला सुरुवात केली. झाडांच्या सुया, धुक्यानं भरलेल्या दऱ्या. सांगता सांगता तिला दिसलं की शब्द अगदी थोडे आहेत, चार वाक्यांत ते सगळं संपतं आहे, आणि जे राहिलं ते तिच्या दंडांत आणि पाठीत आहे. तिथून ते काढून देता येत नव्हतं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

माथ्यावर मोटार उभी होती. काशीरामनं पाणी घातलं होतं. ड्रायव्हरच्या शेजारची जागा डॉक्टरांची, ती कुणी घेतली नव्हती. अण्णांनी दार उघडलं आणि धरून ठेवलं. “तू बस,” म्हणाले, आणि स्वतः मागं, बाकावर जाऊन बसले. मागं बसलेल्या शाळामास्तरांनी सरकून जागा केली. तिनं पदर खोचला आणि ती बसली.

समोर काच, काचेत रस्ता. हा तिनं सात वर्षांत कडेनं, माणसांच्या खांद्यांमधून, तुकड्यातुकड्यांनी बघितलेला रस्ता. आता तो सबंध अंगावर येत होता, आणि काशीरामच्या हातांनी येत होता. तिचे हात मांडीवर होते. ती ओढ इतक्या जवळ येऊन जितकी दुखत होती तितकी लांबून कधी दुखली नव्हती. हातखंब्याच्या पुढं उतार लागला. एका वळणावर काशीरामनं गाडी उशिरा घेतली, आणि तिचं अंग आधीच झुकलं, मूठ समोरच्या फळीवर आवळली.

काशीरामनं बघितलं. “भय वाटता काय, वहिनी?”

“नाही,” ती म्हणाली. मग, यंत्राच्या घरघरीत मागपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, “मी चालवलीय. फटफटी. ब्रह्मदेशात.”

काशीरामनं पुन्हा तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मागं शाळामास्तरांनी अण्णांना काहीतरी विचारलं. दगडावरून चाक गेलं, मोटार हादरली, आणि मग अण्णांचा आवाज आला, “हो.”

“घाटात?” काशीरामनं विचारलं.

“घाटात.”

समोर पुढचं वळण दिसत होतं, काशीरामचा पाय खाली गेला, गाडीचा वेग उतरला. “नि उताराक ब्रेक लागत होते?”

दहा वर्षांत तिला त्या दिवसाचं हे कुणी विचारलं नव्हतं.

“मागचा लागत नव्हता,” दमयंती म्हणाली, आणि तिचा उजवा हात मांडीवरून उठला, दांडा कसा मागं घेतला ते दाखवायला. “यंत्रावरच धरली. सगळा उतार यंत्रावर धरून उतरवली.”